शृंगप्रवाळांचा अभ्याससंच : बारा नमुने आणि एक चुकीची चिठ्ठी

पाच महिने सतत वापरल्यानंतर या संचाबद्दल माझे मत पक्के झाले आहे. नामशेष झालेल्या एकल प्रवाळांचे वर्गीकरण स्वतःच्या हातांनी आणि डोळ्यांनी शिकायचे असेल, तर तो अवश्य घ्यावा. मात्र सातव्या नमुन्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, आणि सोबतच्या पुस्तिकेतील ओळखतक्ता पहिल्या प्रश्नापासून न वाचता तिसऱ्या प्रश्नापासून वाचावा. या दोन सूचना किरकोळ वाटतील. पण जीवाश्माचा वंश ठरवताना शिकणारा नेमका या दोन जागी अडखळतो, आणि संच तयार करणारेही तिथेच अडखळले आहेत, म्हणून या परीक्षणाचा बराचसा भाग मी त्या दोन गोष्टींना देणार आहे.

संचाचे स्वरूप थोडक्यात सांगते. कप्पे पाडलेल्या लाकडी पेटीत बारा नमुने आहेत, प्रत्येकाचा एक आडवा पातळ छेद काचपट्टीवर बसवलेला आहे, आणि त्यांपैकी सहा नमुन्यांचे उभे छेदही दिलेले आहेत. याशिवाय एका प्रवाळाच्या टोकापासून वरच्या पेल्यापर्यंत क्रमाने घेतलेल्या अकरा ॲसिटेट-ठशांची मालिका, एकाच थरातून मिळालेल्या वीस लहान शिंगांची पुडी आणि चाळीस पानांची पुस्तिका आहे. भिंग आणि साधा सूक्ष्मदर्शक आपला असावा लागतो.

हे प्रवाळ रुगोझा या गटातले. मध्य ऑर्डोव्हिशियन काळात ते दिसू लागले आणि सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस झालेल्या महासंहारात संपले. त्यांच्यात वसाहती करून राहणारेही होते, पण या संचात फक्त एकेकटे वाढणारे घेतले आहेत. एका पॉलिपने, म्हणजे प्रवाळाच्या मऊ अंगाच्या प्राण्याने, आयुष्यभर रचलेला कॅल्साइटचा सांगाडा, खाली निमुळता आणि वर रुंद, बहुतेक वेळा किंचित वाकलेला, म्हणून त्यांना शृंगप्रवाळ म्हणतात. वरच्या टोकाला पेल्यासारखा खोलगट भाग असतो, ज्यात पॉलिप बसत असे. पेल्यातून आत पाहिले तर भिंतीपासून मध्याकडे जाणारे उभे पडदे दिसतात, ते सेप्टा. पॉलिप वर सरकत जाई तसतसे तो आपल्याखाली आडवे तळ टाकत जाई, ते टॅब्युला. काहींमध्ये भिंतीलगत, सेप्टांच्या मधल्या जागेत, बुडबुड्यांच्या थरासारख्या लहान वक्र पत्र्या असतात, त्या डिसेपिमेंट. आणि एका विशिष्ट सेप्टमच्या जागी पेल्यात एक खाच असते, ती फॉस्युला. वंश ठरवण्याची जवळपास सगळी सामग्री या चार शब्दांत आणि मध्यभागी काय आहे या प्रश्नात येते. पुस्तिकेने हे शब्द स्वच्छ आकृत्यांसह समजावले आहेत आणि त्या भागात मला एकही चूक आढळली नाही.

आता ओळखतक्ता. त्याचा पहिला प्रश्न असा आहे: शिंग सरळ आहे की वाकडे? दुसरा: लांबी तीन सेंटिमीटरांहून अधिक आहे की कमी? हे दोन्ही प्रश्न चुकीच्या जागी आहेत. वक्रतेचा संबंध वंशापेक्षा त्या एका प्राण्याच्या आयुष्याशी अधिक असतो. लहानपणी तो एखाद्या शिंपल्याच्या तुकड्याला चिकटून वाढू लागतो, जड झाल्यावर कलंडतो, चिखलात आडवा पडतो, आणि तोंड गाळाने बुजू नये म्हणून पुन्हा वरच्या दिशेने वाढू लागतो. असे दोनतीनदा घडले की शिंगाला दोनतीन बाक येतात. त्याच थरातला, त्याच जातीचा शेजारी कुठे आडोशाला उभा राहिला असेल तर तो सरळ असतो. लांबीचेही तसेच, कारण लहान शिंग हे लहान जातीचे असेल किंवा मोठ्या जातीचे पोर असेल. तिसरा प्रश्न मात्र खरा आहे: आडव्या छेदात डिसेपिमेंट दिसतात का? तिथून सुरुवात केली तर तक्ता बऱ्यापैकी नीट चालतो. मी पहिल्या आठवड्यात पहिल्या प्रश्नापासून गेले आणि बारापैकी पाच नमुन्यांचा वंश चुकवला; तिसऱ्यापासून सुरुवात केल्यावर दोनच चुकले, आणि त्या दोन चुकांची कारणे पुढे येतीलच.

आकाराला काहीच अर्थ नसतो, असेही म्हणता येणार नाही, आणि त्याचा पुरावा या पेटीतच तिसऱ्या कप्प्यात आहे. कॅल्सिओला सँडालिना. डेव्होनियन काळातला हा प्रवाळ चपलेच्या पुढच्या भागासारखा दिसतो, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, आणि पेल्यावर बसणारे अर्धगोलाकार झाकण. त्याचे झाकण कोणालाही शिंपल्याची आठवण करून देईल, आणि झालेही तसेच: लिनिअसने १७७१ मध्ये त्याला ज्या वंशात ठेवले तो शिंपल्यांचा होता, आणि पुढे दीर्घ काळ त्याची गणना प्रवाळांत न होता शिंपल्यांत किंवा ब्रॅकिओपोडांत (शिंपल्यासारखेच दुहेरी कवच असलेल्या, पण निराळ्या संघातल्या प्राण्यांत) होत राहिली. सेप्टा आणि आतली रचना नीट तपासली गेली तेव्हाच तो प्रवाळांत आला. संचातल्या नमुन्याबरोबर झाकण वेगळे दिले आहे आणि ते खरोखर त्याच पेल्यावर नेमके बसते, हे मी बसवून पाहिले. एरवी झाकण आणि पेला वेगवेगळे सापडतात, त्यामुळे अशी जोडी हाती घेण्याचा आनंद मोठा आहे. इथे बाह्य आकारावरून वंश ओळखता येतो; पण तो प्राणी कोणत्या संघातला, हे मात्र आतूनच कळले.

संचातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ती अकरा ठशांची मालिका, आणि केवळ तिच्यासाठीही मी हा संच विकत घेतला असता. ठसा घेण्याची रीत पुस्तिकेत दिली आहे: प्रवाळ आडवा कापून तो पृष्ठभाग कार्बोरंडमच्या अधिकाधिक बारीक भुकटीने घासायचा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही सेकंद धरायचा म्हणजे कॅल्साइट किंचित झिजून रचना उठून दिसते, धुऊन वाळवून त्यावर ॲसिटोन टाकायचे आणि ॲसिटेटचा पारदर्शक कागद अलगद पसरायचा. वाळल्यावर कागद सोलून काढला की पृष्ठभागाचा बारीकसारीक तपशील त्यावर उतरलेला असतो. मग थोडे आणखी घासून पुढचा ठसा. अशा रीतीने एकाच शिंगाचे बालपणापासून प्रौढपणापर्यंतचे टप्पे हाती येतात, कारण शृंगप्रवाळाचे टोक हे त्याचे बालपण असते आणि पेला हे त्याचे शेवटचे वय.

मालिकेसाठी निवडलेला वंश लोफोफिलिडियम आहे, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. पहिल्या ठशात, टोकाच्या अगदी जवळ, सेप्टा मोजके आहेत. पुढे नवे सेप्टा येऊ लागतात आणि ते कुठेही न येता फक्त चार जागी येतात: कार्डिनल सेप्टमच्या (ज्याच्या जागी फॉस्युला असते त्याच्या) दोन्ही बाजूंना, आणि दोन अलार सेप्टांच्या (डाव्या-उजव्या बगलेतल्या सेप्टांच्या) काउंटरकडील, म्हणजे कार्डिनलच्या समोरच्या सेप्टमकडील, बाजूंना. आल्बर्ट कुंट याने १८६९ मध्ये हा नियम मांडला, आणि रुगोझांना आजच्या प्रवाळांपासून वेगळे करणारी ही सर्वांत भरवशाची खूण आहे. आजच्या स्क्लेरॅक्टिनिया गटात नवे सेप्टा सहाही भागांत चक्राकार क्रमाने येतात, त्यामुळे तिथली रचना षट्कोनी सममितीची वाटते. इथे ती एखाद्या पिसासारखी दोन बाजूंना कललेली राहते. पुस्तकात हा नियम मी कितीतरी वेळा वाचला होता. पण तिसऱ्या आणि चौथ्या ठशाच्या दरम्यान, कार्डिनलच्या डाव्या हाताला, आधी नसलेला एक आखूड सेप्टम नव्याने उगवलेला पाहिला तेव्हा तो नियम मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजला. त्या दोन ठशांमध्ये मी एक संपूर्ण संध्याकाळ घालवली.

लोफोफिलिडियम निवडण्याचे दुसरे कारण त्याचा मध्यस्तंभ. पेल्यात वरून पाहिले तर मधोमध एक ठसठशीत खुंटी उभी दिसते. अगदी अशीच खुंटी संचातल्या नवव्या नमुन्यात, सायथॅक्सोनियातही आहे. दोघेही छोटे, दोघांनाही डिसेपिमेंट नाहीत, आणि दोघांचा पेला भिंगाखाली सारखा भासतो. माझ्या दोन चुकांपैकी एक इथलीच: मी नववा नमुना लोफोफिलिडियम ठरवला. मालिका पाहिल्यावर फरक लक्षात आला. लोफोफिलिडियमच्या आरंभीच्या ठशांत खुंटी स्वतंत्र नसतेच. काउंटर सेप्टम मध्यापर्यंत येतो, त्याचे टोक जाड होत जाते, आणि पुढे ते जाड टोकच स्तंभ म्हणून उरते. सायथॅक्सोनियात मात्र स्तंभ सेप्टांपासून स्वतंत्रपणे उभा राहतो आणि सेप्टांची टोके त्याला येऊन टेकतात. शिवाय त्याचे दुय्यम, म्हणजे मुख्य सेप्टांच्या मधे येणारे, सेप्टा लांब असून शेजारच्या मुख्य सेप्टांवर कललेले असतात. म्हणजे डोळ्यांना एकसारखी दिसणारी खुंटी दोन निराळ्या मार्गांनी तयार झालेली आहे. नुसत्या साम्यावरून या दोघांना एका कुळात टाकले, तर वर्गीकरणाने नाते सांगणे सोडून फक्त दिसणे सांगायला सुरुवात केली असे होईल. रुगोझांच्या इतिहासात अशी समांतर घडण पुन्हा पुन्हा झालेली आहे, आणि म्हणूनच हा गट वर्गीकरणासाठी इतका कठीण मानला जातो.

हेच सायथॅक्सोनियाच्या बाबतीतही दाखवता आले असते, पण त्याची मालिका संचात नाही. पुढच्या आवृत्तीत ती द्यावी. दोन मालिका शेजारी ठेवल्या तर पुस्तिकेची अर्धी पाने वाचण्याची गरज उरणार नाही.

अँप्लेक्सस हा माझ्या दुसऱ्या चुकीचा मानकरी, आणि इथे दोष माझ्याइतकाच संचाचाही आहे. सॉवर्बीने १८१४ मध्ये आयर्लंडच्या कार्बॉनिफेरस चुनखडकातून हा वंश वर्णन केला. शिंगापेक्षा नळीसारखा, लांबट. त्याचे सेप्टा आखूड असतात, असे पुस्तिका म्हणते, आणि तेवढ्यावर थांबते. प्रत्यक्षात ते सगळीकडे सारखे आखूड नसतात: प्रत्येक टॅब्युलाच्या वरच्या पृष्ठभागावर ते मध्याकडे लांब पसरतात आणि पुढच्या टॅब्युलाकडे जाताना भिंतीकडे मागे सरतात. त्यामुळे आडवा छेद टॅब्युलाच्या किंचित वर घेतला तर सेप्टा लांब दिसतात, आणि दोन टॅब्युलांच्या मध्यावर घेतला तर जवळजवळ नसल्यासारखे दिसतात. संचातला एकमेव आडवा छेद नेमका पहिल्या प्रकारचा आहे, आणि तो पाहून कोणीही याला निराळा वंश म्हणेल. सुदैवाने अँप्लेक्ससचा उभा छेद दिलेला आहे, तो उत्तम प्रतीचा आहे, मध्यातून नेमका गेलेला आहे, आणि त्यात सगळा उलगडा होतो. पण हे दोन छेद एकत्र वाचायचे असतात हे पुस्तिकेने कुठेही म्हटलेले नाही. एकाच प्राण्याचे दोन आडवे छेद दोन वंशांचे वाटू शकतात, ही गोष्ट नवशिक्याला सर्वांत आधी सांगायला हवी होती.

आता सातवा नमुना. सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचे देखणे शिंग, पेला शाबूत, बाहेरच्या कवचावरच्या आडव्या सुरकुत्या स्पष्ट. चिठ्ठीवर लिहिले आहे: 'झाफ्रेन्टिस, आरंभीचा कार्बॉनिफेरस'. हे नाव चुकीचे आहे, आणि ही चूक जुनी व सन्माननीय असली तरी आज विकल्या जाणाऱ्या अभ्याससाहित्यात ती असू नये.

झाफ्रेन्टिस हा वंश राफिनेस्क आणि क्लिफर्ड यांनी १८२० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या डेव्होनियन प्रवाळांवरून स्थापला, आणि त्याची प्रातिनिधिक जाती झाफ्रेन्टिस फ्रिजिया ही आहे. त्या काळी पातळ छेदांची पद्धत रूढ नव्हती. शिंगाच्या आकाराचा, ठळक फॉस्युला असलेला प्रवाळ दिसला की त्याला झाफ्रेन्टिस म्हणण्याचा प्रघात पडला, आणि सिल्युरियनपासून कार्बॉनिफेरसपर्यंतच्या थरांतून आलेली असंख्य शिंगे या एका नावाखाली गोळा होत गेली. आर्थर व्हॉन याने १९०५ मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या कार्बॉनिफेरस चुनखडकाचे, त्यातल्या जीवाश्मांवरून, थरांचे पट्टे पाडले तेव्हा एका पट्ट्याला हेच नाव दिले. नावाचा असा विस्तार झाला की ते नाव काहीच सांगेनासे होते. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार वंशाचे नाव त्याच्या प्रातिनिधिक जातीशी कायमचे बांधलेले असते. बाकीच्या जाती तिच्याशी नाते दाखवू शकल्या तरच त्या घरात राहतात, नाहीतर त्यांना वेगळे घर शोधावे लागते. विसाव्या शतकात रुगोझांवर झालेल्या कामाचा मोठा हिस्सा म्हणजे झाफ्रेन्टिसच्या घरातली ही गर्दी पांगवण्याचे काम होते. डोरोथी हिल या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने १९३५ मध्ये या प्रवाळांची परिभाषा नीट लावून दिली आणि पुढे १९५६ मध्ये व पुन्हा १९८१ मध्ये संपूर्ण गटाचा आढावा घेतला, तेव्हा कुठे या क्षेत्रात सगळे एकच शब्द एकाच अर्थाने वापरू लागले.

सातव्या नमुन्याचा आडवा छेद मी कितीतरी वेळा पाहिला आहे. डिसेपिमेंट नाहीत. मुख्य सेप्टा मध्यापाशी एकमेकांना मिळालेले आहेत. फॉस्युला ठळक आहे, आणि तिच्या दोन्ही कडा भिंतीपासून मध्यापर्यंत जवळजवळ समांतर जातात. हे वर्णन ज्याला कार्बॉनिफेरस प्रवाळांची थोडी ओळख आहे त्याला थेट कॅरुदर्सकडे घेऊन जाते. कॅरुदर्सने १९१० मध्ये स्कॉटलंडच्या कार्बॉनिफेरस थरांतून क्रमाने गोळा केलेल्या अशाच छोट्या शिंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खालच्या थरांतल्या प्रकारात, ज्याला तो झाफ्रेन्टिस डेलानुई म्हणत असे, फॉस्युला मध्याकडे रुंदावत जाते. त्यानंतरच्या पॅरॅलेलामध्ये तिच्या कडा समांतर होतात. कॉन्स्ट्रिक्टामध्ये ती मध्याकडे निमुळती होते. आणि डिसजंक्टामध्ये सेप्टा मध्यापासून मागे हटतात. त्याहून लक्षवेधी बाब अशी की, नंतरच्या प्रकाराच्या टोकाकडचे छेद आधीच्या प्रकाराच्या प्रौढ रूपासारखे दिसतात. उत्क्रांती थरांमधून पावलापावलाने वाचता येते हे दाखवणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांपैकी हा एक. या गटाला पुढे हडसनने १९४१ मध्ये झाफ्रेन्टाइटिस हा स्वतंत्र वंश दिला. तेव्हा सातव्या नमुन्याची चिठ्ठी 'झाफ्रेन्टाइटिस' अशी हवी. नावात दोनच अक्षरांची भर आहे, पण त्या दोन अक्षरांत शंभराहून अधिक वर्षांचे काम सामावलेले आहे, आणि ते गाळले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

विक्रेत्याला मी हे पत्राने कळवले. उत्तर सभ्य आणि लवकर आले. जुन्या संग्रहातून नमुने घेताना जुनी नावे तशीच उतरली, असे त्यांनी मान्य केले आणि दुरुस्त चिठ्ठी पाठवली. ही तत्परता मी त्यांच्या बाजूने मोजते.

वीस शिंगांच्या पुडीविषयी पुस्तिकेत अर्धेच पान आहे, आणि मला वाटते बरेच ग्राहक ती पुडी उघडणारही नाहीत. त्यांनी ती उघडावी. वर्गीकरणाचे अर्धे गैरसमज एकेकट्या नमुन्यावरून निष्कर्ष काढल्याने होतात. या वीस शिंगांचा पेल्याजवळचा व्यास मोजला, मुख्य सेप्टा मोजले आणि दोन्ही आकडे आलेखावर मांडले, तर व्यास वाढतो तसे सेप्टा आधी भराभर आणि मग सावकाश वाढताना दिसतात, आणि सगळे बिंदू एका पट्ट्यात येतात. त्या पट्ट्याची रुंदी म्हणजे एका जातीतली स्वाभाविक विविधता. एखादा नमुना फक्त चार सेप्टा अधिक आहेत म्हणून नवी जाती ठरवण्याआधी ही रुंदी माहीत असायला हवी. या वीसांत दोन शिंगे कमरेत एकाएकी अरुंद होऊन पुन्हा रुंदावलेली आहेत. पॉलिप प्रतिकूल काळात आक्रसला आणि नंतर पुन्हा वाढू लागला, याची ती खूण. जुन्या संग्रहांत अशा शिंगांना कधीकधी वेगळी नावे मिळालेली आढळतात.

हेलिओफिलम हा अकरावा नमुना वर्गीकरणाच्या दृष्टीने सोपा आहे, कारण त्याच्या सेप्टांवर दोन्ही बाजूंना बारीक आडव्या पट्ट्या असतात आणि त्या पेल्यात भिंगाशिवायही जाणवतात. पुस्तिकेने इथे थोडी वाट सोडून त्याच्या कवचावरच्या सूक्ष्म वाढरेषांची गोष्ट सांगितली आहे: जॉन वेल्सने १९६३ मध्ये डेव्होनियन प्रवाळांवरच्या अशा रेषा मोजल्या, त्या वार्षिक पट्ट्यात सुमारे ४०० भरल्या, आणि त्या काळी वर्षाला सुमारे ४०० दिवस होते असा निष्कर्ष काढला, भरतीओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन मंदावत आले आहे, या खगोलशास्त्रीय गणिताशी तो जुळतो. गोष्ट सुंदर आहे आणि खरीही आहे, पण 'प्रत्येक रेषा म्हणजे एक दिवस' हे पुस्तिकेने निखालस सत्य म्हणून लिहिले आहे, तसे ते नाही. ते एक गृहीत आहे, आजच्या प्रवाळांच्या वाढीवरून घेतलेले आणि सबळ, तरीही गृहीतच. शिवाय या नमुन्याचे कवच इतके झिजलेले आहे की त्यावर मोजता येण्याजोगी सलग पट्टी मला सापडली नाही.

काचपट्ट्यांच्या दर्जाबद्दल मला काही बोलले पाहिजे. अठरापैकी तीन छेद फार जाड राहिले आहेत, प्रकाश जेमतेम आरपार जातो आणि सेप्टांच्या आतली तंतुमय रचना दिसत नाही. दुसऱ्या नमुन्याचा सांगाडा मूळ कॅल्साइटच्या जागी सिलिका आल्यामुळे बाहेरून अप्रतिम टिकला आहे, पण आतली सूक्ष्म रचना त्या बदलात पुसली गेली आहे. हे पुस्तिकेत लिहिले असते तर मी ती शोधण्यात वेळ घालवला नसता. सर्वांत मोठी उणीव अशी की, एकाही आडव्या छेदावर तो टोकापासून किती अंतरावर घेतला आहे याची नोंद नाही, आणि कार्डिनल बाजू कोणती याचीही खूण नाही. कार्डिनल बाजू शिकणाऱ्याने स्वतः शोधावी, हा हेतू असेल तर तो समजू शकते. पण अंतराची नोंद शोधून मिळत नसते. ज्या प्राण्याचे वय त्याच्या लांबीवर लिहिलेले आहे, त्याचा छेद कुठून घेतला हे न सांगता दिला, तर तो जन्मतारीख फाडलेल्या दाखल्यासारखा होतो.

पदवीच्या वर्गात पुराजीवविज्ञान शिकवणाऱ्यांना आणि ज्यांनी हा विषय एकदा शिकून मागे ठेवला आहे अशांना मी हा संच निःशंकपणे सुचवते. अगदी नवख्या माणसाने तो एकट्याने हाताळू नये, कारण पुस्तिका जिथे गप्प आहे तिथे कोणीतरी सांगणारे लागते. प्रयोगशाळेसाठी घेत असाल तर दोन संच घ्यावेत, म्हणजे एकातले नमुने कापायला मोकळे राहतील.

माझ्याकडे एकच आहे, आणि म्हणून सातव्या नमुन्यापुढे मी अडकले आहे. त्याचा वंश आता निश्चित आहे, जाती नाही. फॉस्युलाच्या कडा समांतर आहेत, पण पेल्याच्या जवळ दोनतीन सेप्टा मध्यापासून सुटू लागल्यासारखे वाटतात, आणि तो खरोखर पॅरॅलेला आहे की पुढच्या वाटेवरचा, हे टोकाकडचे छेद पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी उरलेले शिंग थोडे थोडे घासत जावे लागेल, आणि घासलेला भाग परत येत नाही. मी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली आहेत, मोजमापे वहीत उतरवली आहेत आणि प्लास्टरचा साचाही करून ठेवला आहे. पेटीतल्या दुरुस्त चिठ्ठीवर 'झाफ्रेन्टाइटिस' या नावापुढे जातीची जागा सध्या रिकामी आहे.